प्रमाणपत्रावरची गुरुपरंपरा कशी तपासायची?

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्या शोतोकान कराटे क्लासचे सर सांगतात की आमची परंपरा थेट शोतोकानचे जनक गिचिन फुनाकोशींपर्यंत जाते. दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट मिळेल असंही म्हणतात. या परंपरेला काही अर्थ असतो, की ती नुसती जाहिरात? – एक पालक, सांगली

उत्तर : फुनाकोशींपर्यंत जवळजवळ प्रत्येक शोतोकान क्लास जातो, त्यामुळे त्यात मिरवण्यासारखं काही नाही. तपासायची ती शेवटची कडी. सरांना त्यांचा डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टची श्रेणी, कोणी दिला, कुठल्या संस्थेच्या परीक्षेत, कुठल्या साली? मोठ्या संस्थांच्या डॅन प्रमाणपत्रावर नोंदणी क्रमांक असतो. तो आणि सरांचं नाव मुख्यालयाला ईमेलने कळवून विचारता येतं. सर ते प्रमाणपत्र दाखवायला कां-कूं करत असतील तर पुढचं विचारायची गरज उरत नाही. दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा : सर स्वतः अजून कुणाकडे शिकायला जातात का? वरिष्ठांच्या शिबिराला गेल्या दोन-तीन वर्षांत गेले नसतील, तर परंपरा त्यांच्यापाशीच थांबली आहे.

सनावळीही पाहा. फुनाकोशी १९५७ मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढचा असणार. ‘शतकानुशतकं चालत आलेला ब्लॅक बेल्ट’ असं पत्रकात छापलं असेल तर ते अज्ञान आहे. डॅन देण्याची पद्धत कानो जिगोरो यांनी जुदोत १८८३ मध्ये सुरू केली आणि फुनाकोशींनी कराटेत पहिले डॅन दिले ते १९२४ मध्ये. तिशी-पस्तिशीतल्या माणसाने स्वतःला दहावा, म्हणजे सर्वांत वरचा डॅन आणि नव्या शैलीचा ‘सोके’, म्हणजे प्रमुख, म्हणवून घेतलं, तर मुलीचं नाव तिथे घालू नका.

आता कागद बाजूला ठेवून अर्धा तास क्लास पाहा. झेनकुत्सु-दाची, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून लांब उभं राहणं. साधारण साठ टक्के भार पुढच्या पायावर, मागची टाच जमिनीला टेकलेली. लहान मुलांचा पुढचा गुडघा हमखास आत पडतो. ज्याच्या गुरूने त्याचा गुडघा शंभरदा बाहेर ढकलला असेल, तो मास्तर आधी तिथेच हात लावतो आणि गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेला आणतो. ज्याला असं कुणी दुरुस्त केलं नाही, तो नुसता ‘अजून खाली!’ ओरडतो. मूल खाली जातं, गुडघा आणखी आत वळतो, आणि त्याचा त्रास पुढे मुलीलाच होतो. परंपरेतून खरं हातात येतं ते हे दुरुस्त्यांचं भांडार. काता, म्हणजे ठरावीक क्रमात बांधलेल्या हालचाली, त्या काय, व्हिडिओवरही सापडतात.

दोन वर्षांचं म्हणाल तर हेइयान मालिकेतले पाच, तेक्की शोदान आणि बहुतेक ठिकाणी बस्साई दाई एवढे काता पहिल्या डॅनपर्यंत लागतात. आठवड्याला दोन तास धरले तर सुट्ट्या वगळून दोन वर्षांत दोनशे तासही भरत नाहीत. अनेक संस्था मुलांना ज्युनियर डॅन देतात. सर त्याविषयीच बोलत आहेत का, ते स्पष्ट विचारून घ्या.

प्रश्न : चार वर्षं शोतोकान केलं. नोकरीमुळे शहर बदललं, इथे शितो-र्यू ही कराटेची दुसरी शैली आहे. सरांनी मला दोन बेल्ट खाली उतरवलं आणि येतात तेच काता पुन्हा शिकवतायत. हे योग्य आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : योग्य आहे, आणि तुमच्या फायद्याचंही. दोन्ही शैलींची मुळं ओकिनावातल्या इतोसु आंको यांच्यापाशी मिळतात. फुनाकोशी आणि केनवा माबुनी दोघेही त्यांचे शिष्य. पण माबुनी हिगाओन्ना कानर्यो यांच्याकडेही शिकले, म्हणून शितो-र्यूत दोन्ही घराण्यांचे काता आहेत. परंपरा एकाच रेषेत उतरते असा समज असेल तर तो सोडून द्या.

गोंधळ होतो तो ओळखीच्या काताने. इतोसुंच्या पिनान मालिकेला फुनाकोशींनी हेइयान म्हटलं आणि पहिल्या दोघांचा क्रम उलटा केला. तुमचा हेइयान शोदान म्हणजे इथला पिनान निदान, तेव्हा सुरुवात त्यानेच करा. तुमच्या हेइयान निदानमध्ये बाजूची लाथ आहे, तिथे इथे समोरची येईल. कोकुत्सु-दाची या मागच्या पायावर भार देऊन लांब उभं राहण्याच्या जागी बहुधा नेको-आशी-दाची, म्हणजे मांजराच्या पावलासारखं आखूड उभं राहणं, येईल. पहिलीत मागच्या पायावर साधारण सत्तर टक्के भार असतो, दुसरीत नव्वदच्या आसपास. जुन्या सवयीने तुम्ही दोन पावलांमधलं अंतर लांबच ठेवाल आणि लाथ मारायच्या आधी अंग मागे झुकेल. पुढचं पाऊल नुसतं उचलून पाहा. शरीर हललं तर अंतर जास्त आहे, पाऊल मागे घ्या. किमान सहा महिने जुना काता सरावात आणू नका. स्पर्धेत काता त्या-त्या शैलीच्या मापाने पाहिला जातो, सरमिसळ परीक्षकांना लगेच दिसते.

प्रश्न : ब्राझिलियन जिऊ-जित्सू व्हिडिओ पाहून मित्रांबरोबर शिकलो तर चालेल? – एक महाविद्यालयीन वाचक, पुणे

उत्तर : ओळख होण्यापुरतं चालेल. आर्मबारचंच घ्या, म्हणजे समोरच्याचा हात पायांत पकडून कोपर उलटं ताणायचा डाव. गुडघे एकमेकांकडे आवळले नाहीत तर समोरच्याचं कोपर निसटतं. त्याचा अंगठा वर नसेल तर जोर कोपराच्या सांध्यावर नीट येत नाही, मग तुम्ही ताकद लावता आणि इजा होते. व्हिडिओत हे सांगितलेलं असतं, पण तुमचे गुडघे उघडे आहेत हे तुम्हाला जाणवत नाही. कोणीतरी सांगावं लागतं.

ही विद्या कोदोकान या जुदोच्या मूळ शाळेतल्या मित्सुयो माएदांकडून कार्लोस ग्रेसींपर्यंत ब्राझीलमध्ये गेली, आणि बेल्ट कोणी बांधला हे तिथे आजही विचारलं जातं. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत सर्वसाधारणपणे निळ्या पट्ट्यावर किमान दोन वर्षं, जांभळ्यावर दीड, तपकिरीवर एक, आणि काळ्यासाठी किमान वय १९ आहे. सव्वा वर्षात काळा पट्टा मिळालेल्या प्रशिक्षकाकडे जायच्या आधी हा हिशेब करून पाहा.

प्रश्न : आपल्या मातीतल्या कुस्तीला असं प्रमाणपत्र का नाही? – एक वाचक, कराड

उत्तर : गरज पडत नाही. मैदानात जोड लागताना पैलवानाच्या नावाबरोबर तालीम आणि वस्ताद पुकारले जातात. खोटं नाव लावलं तर त्या तालमीची पोरं तिथेच बसलेली असतात. आणि इथेही एकच गुरू हवा असं नाही. तुमच्या शेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. त्यांनी बाबुराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी या दोघांकडे धडे घेतले होते.