आधी काम, मग तयारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या कार्यशाळेतल्या त्या तरुणाला कामावर घेण्याबद्दल कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या बेकरीचा मालक ‘आठवडाभर बघू’ म्हणाला, हे वाचून फार बरं वाटलं. तुला मात्र त्या आठवड्याची धास्ती वाटतेय, आणि त्यात बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या तुमच्या कार्यशाळेतल्या बाई म्हणाल्या की तो मुलगा अजून तयार नाही. डाउन सिंड्रोम असलेला सव्वीस वर्षांचा तरुण. अठरा वर्षांचा झाल्यापासून रोज कार्यशाळेत येतोय आणि तरी तयार नाही. मग तयार होणार कधी, असं तू विचारलंस. तो बेकरीत तयार होईल. दुसरीकडे कुठेही नाही.

कार्यशाळांबद्दल माझ्या मनात आदर आहे. दिवाळीआधी पणत्या रंगवायच्या, आकाशकंदील चिकटवायचे, उटण्याच्या पुड्या भरायच्या, एरवी फायली आणि कागदी पिशव्या. ज्या काळात शाळा संपली की घराचा कोपरा एवढंच उरायचं, त्या काळात या जागांनी कितीतरी आयांना दिवसाचे काही तास मोकळे करून दिले. पण पिशव्या चिकटवून माणूस बेकरीच्या कामाला तयार होत नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं हेच नेमकं अवघड जातं. कार्यशाळेतल्या टेबलावर, ओळखीच्या बाईंसमोर जमलेली गोष्ट भट्टीच्या उकाड्यात, अनोळखी माणसांत पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते. तर मग ती पहिल्यांदाच तिथे का शिकवू नये?

हे काही माझं एकटीचं मत नाही. अमेरिकेत 1970च्या दशकात मार्क गोल्ड नावाच्या शिक्षकानं, ज्यांना काहीच येणार नाही असं ठरवून टाकलं होतं अशा माणसांना सायकलचा ब्रेक जोडायला शिकवलं. काम बारीक पायऱ्यांत तोडायचं, आणि एक पद्धत चालली नाही तर शिकणाऱ्याला दोष न देता दुसरी पद्धत घ्यायची, हे त्याचं सूत्र. पुढे त्यातूनच ‘आधी जागेवर ने, मग तिथे शिकव’ ही रीत रुळली आणि 1986 साली तिकडच्या पुनर्वसन कायद्यात सपोर्टेड एम्प्लॉयमेंटला, म्हणजे खऱ्या नोकरीत आधार देत राहण्याच्या पद्धतीला, जागा मिळाली. आपल्याकडे जॉब कोच म्हणून, म्हणजे कामाच्या जागी सोबत राहून शिकवणारा म्हणून, तू आज जे करणार आहेस त्याचं मूळ हे आहे.

आता तुझ्या बेकरीकडे येते. पहिले काही दिवस त्याला नेऊ नकोस, तू एकटा जा. मालकाला सांग, मला तुमचं काम बघायचंय. एका कोपऱ्यात उभा राहा आणि कोण काय सोडून काय करतं ते लिहून काढ. भट्टीवरचा कारागीर मधूनमधून खाली येऊन नानकटाईचे खोके दुमडत असेल. पाव पोचवणारा ड्रायव्हर गाडी उभी करून स्वतः क्रेट पुसत असेल. टोस्टच्या पाकिटांवर तारखेचे स्टिकर लावायचे राहून जात असतील आणि संध्याकाळी सगळ्यांची पळापळ होत असेल. ही जी कामं सगळे नाइलाजानं करतात, त्यांतून त्याची नोकरी उभी करायची. मग मालकासमोर बसून म्हण, तुमचा कारागीर भट्टी सोडून खोके जोडतो, तो वेळ तुम्हाला परत मिळेल. ‘गरीब पोरगा आहे, सांभाळून घ्या’ हे वाक्य चुकूनही बोलू नकोस. दयेवर मिळालेली नोकरी मालकाचा मूड असेपर्यंत टिकते. कामाची गरज होती म्हणून मिळालेली नोकरी मालकाच्या मुलाकडे कारभार गेला तरी टिकते, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

त्याला मोजता येत नाही, ही तुझी दुसरी काळजी. एका साबणाच्या कारखान्यात हाच प्रश्न आला होता. खोक्यात बारा वड्या जायच्या आणि त्या मुलीला पाचाच्या पुढे मोजता येत नव्हतं. सुताराकडून बारा खाचांची फळी करून घेतली. प्रत्येक खाचेत एक वडी, फळी भरली की खोक्यात. तिची मोजणी इतरांपेक्षा अचूक निघू लागली, तेव्हा बाकीच्यांनीही तसल्या फळ्या मागून घेतल्या. चाकाच्या खुर्चीला रॅम्प लागतो, तशी तिला ती फळी लागत होती. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात वाजवी सोयीसुविधा म्हणतात त्या याच. पुस्तकात वाचताना ही मोठी खर्चिक गोष्ट वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा एक फळी, एक रंगीत पट्टी, भिंतीवर चार फोटो, इतकंच लागतं.

शिकवताना हाताचा वापर कमी कर आणि तोंडाचा त्याहून कमी. सुरुवातीला त्याच्या हातावर हात ठेवून करून घे, मग नुसता मनगटाला स्पर्श, मग बोट दाखव, मग फक्त तिथे नजर टाक, आणि मग काहीच नको. ‘आता हे घे, आता ते ठेव’ असं बोलत राहिलास तर त्याला तुझ्या आवाजाची सवय लागते, आणि ती सोडवणं सगळ्यांत कठीण. तो अडकला तर थांब. मनात दहापर्यंत मोज. पुष्कळदा तोवर तो स्वतःच पुढची पायरी गाठतो आणि आपणच घाई करून त्याची ती संधी घालवलेली असते.

पण मला खरी काळजी कामाची नाही, जेवणाच्या सुट्टीची आहे. तू तिथे जितका जास्त बोलशील, तितकं बाकीचे त्याच्याशी कमी बोलतील. मशीन अडलं तर ते त्याला सांगायचं सोडून तुला हाक मारतील. म्हणून पहिल्या आठवड्यातच एक माणूस हेर. बहुधा तो मालक नसतो, मुकादमही नसतो. पॅकिंगच्या टेबलावर बसणारी एखादी मावशी असते, न सांगता त्याच्यासमोर डबा सरकवणारी. खोक्याच्या पायऱ्या तिला दाखव, तो घाबरला की काय केल्यानं शांत होतो तेही तिलाच सांग. डबा खायला तू त्याच्याशेजारी बसू नकोस, बाहेर टपरीवर जा. चहाची वर्गणी तो इतरांसारखीच भरेल हे बघ. तो एखाद्या दिवशी आला नाही तर बेकरीतून कुणाचा तरी फोन त्याच्या घरी आला पाहिजे. तो फोन आला की समज, तुझं तिथलं निम्मं काम झालं. कुणाच्या घरच्या लग्नाला त्याला आवतण आलं, तर उरलेलंही बरंचसं झालं. संस्थेच्या अहवालात ‘नोकरी लागली’ असा रकाना असतो, या फोनचा रकाना नसतो. तू तुझ्या वहीत तो आखून ठेव.

पगाराच्या दिवशी मात्र डोळे उघडे ठेव. कुणी गुटख्याला पिटाळतं, कुणी उसने म्हणून पैसे घेतं आणि विसरतं. म्हणून पगार त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात, नाव हजेरी पुस्तकात, आणि त्याच कामाला इतरांना जो दर तोच त्याला. मालक म्हणेल, हळू करतो. मग नगावर दर ठरवा म्हण, पण बक्षिसी म्हणून नको. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू असेल तर नावनोंदणीचा आग्रह धर; त्यासाठी इतरांना पगाराची मर्यादा महिन्याला 21,000 रुपये आहे, दिव्यांग कामगाराला 25,000. आणि हो, पस्तिशीतल्या माणसाला मालकासमोर ‘बाळा’ म्हणून हाक मारायची आपल्या संस्थांची सवय आहे, ती तू लावून घेऊ नकोस. तू जसं बोलशील तसं बेकरी बोलेल.

आता त्याच्या आईबद्दल. ‘आई तयार नाहीत, अतिसंरक्षण करतात’ असं तू लिहिलंस. जरा थांब. तिला काय सांभाळायचंय ते तिच्याकडून नीट ऐक. पुष्कळ घरांत खरं कारण कुणी बोलून दाखवत नाही, ते म्हणजे पैसे. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान महिन्याला हक्कानं येतं. त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि मुलगा कमावतो असं कागदावर आलं की ते बंद होईल ही भीती रास्त आहे. वडील सरकारी नोकरीत असतील तर आपल्या पश्चात मुलाला मिळू शकणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनाचाही प्रश्न असतो. नोकरी चार महिन्यांत सुटली तर? अनुदान पुन्हा सुरू करायला तहसीलच्या किती फेऱ्या? या आईनं ते दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, ते यूडीआयडी ओळखपत्र मिळवायला काय खस्ता खाल्ल्या असतील त्याचा विचार कर. तेव्हा आधी तिच्यासोबत तहसील कार्यालयात जा. मर्यादा काय, पगार किती चालेल, हे सगळं लेखी समजून घे आणि तिच्यासमोर हिशेब मांड. नुसत्या आत्मविश्वासाच्या गप्पांनी ती हलणार नाही, आणि हलूही नये.

सरकारी नोकरीत कोटा आहे ना, असंही ती विचारेल. आहे. 1995च्या कायद्यात तो तीन टक्के होता, 2016च्या कायद्यानं चार टक्के केला, आणि आपल्या मुलांचा त्यात पहिल्यांदा समावेश झाला. पण स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता, या सगळ्यांना मिळून एक टक्का. त्यातही पद आधी निश्चित व्हावं लागतं, मग जाहिरात, मग परीक्षा. अर्ज जरूर भरावा. पण त्याच्या वाटेकडे डोळे लावून बेकरी सोडू नये. खासगी मालकावर कोट्याची सक्ती नाही. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर समान संधी धोरणात दिव्यांगांना योग्य अशी पदं नमूद करणं मात्र त्याच्यावर बंधनकारक आहे. शिरोलीच्या कित्येक कारखान्यांना हे ठाऊकच नसतं. पहिल्या भेटीत कायदा काढू नकोस, पण पिशवीत असू दे.

बसचं आत्ताच सुरू कर. आईला वाटतं की तो हरवेल. केएमटीच्या बसमध्ये पहिल्यांदा त्याच्या शेजारी बस, मग मागच्या सीटवर, मग तू आधीच्या स्टॉपवर उतर आणि बेकरीजवळ तुझा सहकारी उभा असू दे. कंडक्टरशी ओळख करून दे. खिशात फोन नंबरचं कार्ड. बस आली नाही तर काय करायचं, हेही मुद्दाम शिकव, कारण ती एखाद्या दिवशी येणार नाहीच.

तुझ्या यादीतली नावं वाचली. मुली किती आहेत, मोजल्यास का? 2011च्या जनगणनेत दिव्यांग पुरुषांत काम करणारे 47 टक्के होते, स्त्रियांत 23. मुलगी घरात भांडी घासते, भाचरं सांभाळते, आणि बाहेर तिला काहीच येत नाही असं सगळे मानतात. सुरक्षिततेची भीती खरी आहे, ती धुडकावू नकोस. बायका जास्त असलेली जागा, दिवसाची पाळी, सोबतीनं जाणारी शेजारीण, असं शोधावं लागेल. वेळ जाईल. तरी शोध. आपल्याच कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवरून नोकरी केली आणि 1984 साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. त्या गावात बसून ‘मुलींना कुठे पाठवणार’ हे मला ऐकवत नाही.

मालकाला पहिल्याच दिवशी पेपरात फोटो हवा असेल, किंवा 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, शाल-श्रीफळ द्यायचं असेल, तर नम्रपणे नको म्हण. सत्कार झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कुणी ‘खोके लवकर आवर’ म्हणत नाही, आणि तो जोवर असं ऐकून घेत नाही तोवर तो तिथला कामगार होत नाही.

आणि समज, आठवडाभरानं मालक नाही म्हणाला. किंवा त्यालाच ते काम आवडलं नाही. तुझ्या वयाची मुलं वर्षात दोन नोकऱ्या बदलतात, त्यांना कुणी परत शाळेत बसवत नाही. त्यालाही कार्यशाळेत परत बसवून ‘बघा, तयार नव्हता’ म्हणू देऊ नकोस. त्याला भट्टीचा उकाडा सोसला नाही, की आवाज, की सहा तास उभं राहणं? ते लिहून ठेव आणि त्याप्रमाणे दुसरी जागा बघ. तो स्वतः काय म्हणतो ते सगळ्यांत वर लिही. तुझ्या पत्रात आईचं, बाईंचं, मालकाचं म्हणणं आहे, त्याचं कुठेच नाही. त्याला बेकरी आवडेल का, हे त्याला विचार. नुसतं विचारून कळणार नाही. एकदा आत नेऊन आण, वास घेऊ दे, माणसं बघू दे, आणि मग विचार.

पुढच्या पत्रात खोक्याच्या पायऱ्यांची यादी आणि पॅकिंगच्या टेबलाचे फोटो पाठव. उभं राहून हात कुठवर पोचतो हे दिसेल असे काढ. फळीला खाचा किती आणि कोणत्या अंगाला हव्यात ते मी आखून पाठवते. सुतार शाहूपुरीत मिळेल.

तुझी
ताई