दाण्यांकडे पाठ फिरवणाऱ्या कुत्र्याविषयी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र सावकाश वाचले. रॉकी कोरड्या खाद्याचे, म्हणजे पाकिटातल्या दाण्यांचे, भांडे नुसते हुंगून निघून जातो, मात्र तुझ्या आजीने भाकरी-दूध पुढे ठेवले की भांडे चाटूनपुसून लख्ख करतो, हे तू कळवलेस ते फार बरे केलेस, कारण निम्मे निदान त्या एका वाक्यात आहे. दुसऱ्या कंपनीचे महागडे पाकीट आणावे का, असे तू विचारले आहेस. माझे मत स्पष्ट आहे: आज पाकीट बदलू नकोस. कुत्रा खाद्य का नाकारतो आहे याचा शोध न घेता ज्या घरात दर पंधरवड्याला नवी चव आणली जाते, त्या घरातला कुत्रा एकच गोष्ट शिकतो, ती म्हणजे थोडा वेळ कळ काढली की याहून चांगले काहीतरी मिळते.

सर्वप्रथम आजाराची शंका दूर कर. ज्या कुत्र्याला भूक आहे, पण दाणे नको आहेत, तो बिनमिठाचे उकडलेले अंडे पुढे धरताच धावून येतो. आजारी कुत्रा मात्र बहुधा अंड्याकडेही पाहत नाही. रॉकी पहिल्या प्रकारात बसतो असे तुझ्या वर्णनावरून वाटते, तरीही एकदा खात्री करून घे. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा ताप कुत्र्यांमध्ये फार आढळतो आणि अन्नावरची वासना उडणे हे त्याचे बहुधा सर्वांत आधी दिसणारे लक्षण असते. हा ताप पसरवणारी तपकिरी गोचीड भिंतींच्या भेगांत आणि फरशीच्या सांध्यांत अंडी घालते, म्हणून केवळ कुत्र्याचे अंग स्वच्छ दिसले एवढ्यावर निर्धास्त राहू नये. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि गळपट्ट्याखाली हात फिरवून पाहा. नंतर त्याचा वरचा ओठ हलकेच उचल आणि हिरडी बोटाने दाबून सोड. दाबलेली जागा पांढरी पडते आणि निरोगी कुत्र्यात साधारण दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. हिरडी मुळातच फिकट दिसली, अंग गरम लागले किंवा नाकातून रक्त आले, तर खाद्याचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रक्ततपासणी करून घे. तोंड उघडलेच आहे तर टाळूकडेही पाहा. काड्या चावण्याची सवय असलेल्या तरुण कुत्र्याच्या वरच्या दाढांमध्ये काडीचा तुकडा आडवा अडकून बसतो, आणि मग तो दाणा उचलतो, पण चावताना खाली टाकतो. हे नाकारणे नव्हे, हे दुखणे आहे.

हे सर्व ठीक असेल, तर हिशेब मांड. रॉकीचे वजन तू 25 किलो लिहिले आहेस. निर्बीजीकरण झालेल्या, बेताचा व्यायाम असलेल्या एवढ्या वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला अंदाजे 1250 कॅलरी पुरतात. कोरड्या खाद्याच्या 100 ग्रॅममध्ये बहुधा 350 ते 400 कॅलरी असतात, म्हणजे सुमारे साडेतीनशे ग्रॅममध्ये त्याचा दिवस भागतो. आता त्याच्या पोटात खरोखर काय जाते ते मोज. ज्वारीची एक मध्यम भाकरी सुमारे 220 कॅलरींची, म्हशीच्या दुधाचा एक पेला जवळजवळ तेवढाच, आणि सकाळच्या चहाबरोबर आजोबा जी सहा ग्लुकोज बिस्किटे त्याला प्रेमाने देतात, त्यांची मिळून शंभराच्या वर. दुपारपर्यंतच त्याची जवळजवळ निम्मी गरज भागलेली असते. अशा कुत्र्याला नखरेल म्हणणे अन्यायाचे आहे. त्याचे पोट भरलेले आहे. वरखाऊ पदार्थांतून मिळणाऱ्या कॅलरी दिवसाच्या एकूण गरजेच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ देऊ नयेत हा नियम मी प्रत्येक घरी सांगत आलो आहे, आणि तो मोडतो कुठे, तर नेहमी घरातल्या सर्वांत मायाळू माणसाच्या हातून.

म्हणून घरच्यांना एकत्र बसवून बोल. आजींना रागावू नकोस. ज्यांनी आयुष्यभर दारच्या कुत्र्याला पहिली चतकोर काढून ठेवली, त्यांना पाकिटातले दाणे हे अन्न वाटत नाही, आणि त्या भावनेचा मान राखला पाहिजे. रात्रीचे भांडे ठेवण्याचे काम त्यांच्याकडेच दे. भाकरी हवीच असेल, तर तिचा लहान तुकडा दाण्यांमध्ये कुस्करून, त्या भांड्यातच द्यावा. हातून आणि ताटाजवळ काहीही देऊ नये.

पाकिटाचीही तपासणी कर, कारण याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. दाणे तयार झाल्यावर त्यांच्यावर चरबीचा थर फवारलेला असतो. कुत्र्याला ओढून आणणारा वास बराचसा त्यातूनच येतो. हवा आणि उष्णता लागली की तीच चरबी खवट होते. लातूर काय, परभणी काय, मे महिन्यात पारा 42 अंशांवर जातो आणि पत्र्याच्या खोलीत तर त्याहून अधिक. अशा खोलीत तोंड उघडे टाकलेले पंधरा किलोचे पोते महिनाभरात निकामी होते. आपल्या नाकाला तो बदल उशिरा कळतो, कुत्र्याला पहिल्या दिवशी कळतो. मूठभर दाणे हातात चोळून वास घे. जुन्या तेलाच्या डब्यासारखा वास आला, तर रॉकी बरोबर आहे आणि पोते टाकून द्यावे लागेल. यापुढे लहान पाकीट आण, दुकानात सुटे विकले जाणारे दाणे घेऊ नकोस, आणि दाणे मूळ पिशवीतच ठेवून ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेव. उघडलेले पाकीट पाच-सहा आठवड्यांत संपायला हवे.

आता पद्धत. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या सुमारास आणि रात्री ऊन पूर्ण उतरल्यावर, अशा दोनच वेळा ठरव. दुपारी भूक मंदावते, त्यात त्याचा दोष नाही. दाण्यांवर हाताला सोसेल इतके कोमट पाणी घालून दहा मिनिटे थांब. उष्णतेने वास मोकळा होतो आणि पुष्कळ कुत्र्यांचे तेवढ्यानेच भागते. भांडे ठेवल्यावर वीस मिनिटे कोणीही त्याच्याजवळ उभे राहू नये, आर्जव करू नये, घास भरवू नये. वीस मिनिटांनी उरलेले शांतपणे उचल, आणि पुढच्या वेळेपर्यंत पाण्याखेरीज काही देऊ नकोस. भिजवलेले दाणे आपल्या उन्हाळ्यात लवकर आंबतात, ते पुन्हा पुढे ठेवू नयेत. कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के पाणी असते, त्यामुळे पिण्याचे पाणी गार हवे. उन्हात तापलेल्या स्टीलच्या भांड्यापेक्षा सावलीत ठेवलेले मातीचे परळ चांगले.

पहिले एक-दोन दिवस तो तुझ्याकडे अशा नजरेने पाहील की तुला घास गिळवणार नाही. निरोगी, प्रौढ कुत्र्याचे एखाद-दुसरे जेवण चुकल्याने काही बिघडत नाही, हे त्या वेळी आठव. मात्र चोवीस तासांत त्याने काहीच खाल्ले नाही, किंवा उलटी, जुलाब, सुस्ती यांपैकी काही दिसले, तर हा उपाय तिथेच थांबव आणि डॉक्टरांकडे जा. लहान पिलांवर तर हा प्रयोग कधीच करू नये. त्यांच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते.

रस्सा ओतून दाणे गोड करण्याचा मार्ग आपल्याकडे सर्रास वापरला जातो आणि त्याविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. आपल्या मटणाच्या रश्शात, येसराच्या आमटीत कांदा-लसूण असतोच, आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवल्याने ते विष कमी होत नाही. शिजवलेल्या हाडांच्या धारदार चिरफळ्या होतात. मनुका आणि द्राक्षे मूत्रपिंडांना घातक ठरतात, तेव्हा प्रसादाचा शिराही दूर ठेव. चव वाढवायचीच असेल, तर कोंबडी नुसत्या पाण्यात, मीठ-मसाला न घालता उकड आणि वर आलेली चरबी काढून ते पाणी दोन चमचे घाल.

तू त्याच्या बरगड्यांची काळजी व्यक्त केली आहेस. शेजारच्या कारवान कुत्र्याशी त्याची तुलना करू नकोस. ती जात धावण्यासाठी घडलेली आहे आणि तिच्या बरगड्या दिसणे हेच तिचे आरोग्य आहे. रॉकीसारख्या लॅब्रॅडॉरच्या बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवताच सहज लागाव्यात, आणि वरून पाहता कंबर आत गेलेली दिसावी.

सगळे करूनही दाणे नकोच असतील, तर घरचे अन्न देता येते, ते कमी प्रतीचे नव्हे. फक्त दूध-भाकरी म्हणजे घरचे अन्न नव्हे. त्यात मांस किंवा अंडी आणि कॅल्शियमची बेतलेली मात्रा लागते, आणि ती मात्रा अंदाजाने घालता येत नाही. परभणी आणि उदगीर या दोन्ही ठिकाणी पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे कुत्र्याला घेऊन जा आणि त्याच्या वजनाप्रमाणे आहार लिहून घे.

पुढचे दोन आठवडे दर रविवारी सकाळी, खाण्यापूर्वी, त्याला उचलून वजनकाट्यावर उभा राहा आणि त्यातून तुझे वजन वजा कर. ते आकडे आणि रोज भांड्यात उरलेल्या दाण्यांचे वजन एका वहीत लिहून मला पाठव.

तुझा हितचिंतक