ॲम्बॅसेडर गरम झाली की सेल्फ घेत नाही, बॅटरीही उतरते: पार्ट बदलण्याआधी हे मोजा

तुमचं वर्णन नीट वाचलं. १९७७ची मार्क ३, मूळ डायनॅमो (बॅटरी भरणारं जुन्या पद्धतीचं जनित्र) अजून गाडीवर. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, पण वीसेक किलोमीटर चालवून बंद केली की नुसतं ‘टक्’ होतं. बॅटरी नवी, सेल्फ (स्टार्टर मोटर) रिवाइंड झालेला, तरी तेच. डॅशवरचा चार्जिंगचा लाल दिवा रेस दिल्यावरही मंद जळत राहतो. आणि आता मिस्त्री म्हणतात, डायनॅमो काढा, ऑल्टरनेटर बसवा.

माझं मत स्पष्ट सांगतो. अजून एकही पार्ट घेऊ नका. तुमच्या वर्णनावरून दोन वेगवेगळे दोष एकत्र आलेले दिसतात, आणि दोन्ही बहुधा वायरींच्या जोडांमध्ये आहेत. साधा डिजिटल मीटर आणि हाताखाली एक माणूस एवढ्यावर दोन्ही सापडतील.

गाडीचं स्टार्टिंग हँडल जपून ठेवलं असेल तर पुढच्या वेळी ‘टक्’ झालं की ते लावून बघा. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवा, हँडलला वेढू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट जातं. अर्ध्या फेऱ्यात इंजिन लागलं, तर ठिणगी देणारे पॉइंट आणि कॉइल, पेट्रोल सगळं ठीक आहे आणि शोध फक्त बॅटरी ते सेल्फ एवढ्याच वाटेवर घ्यायचा आहे.

आता बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत, सकाळी काहीही चालू न करता मोजा. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. निम्म्या बॅटरीवर पुढच्या चाचण्या करू नका, आधी बाहेरून चार्ज करून आणा. बॅटरी नवी आहे म्हणजे ती भरलेली आहे असं होत नाही, विशेषतः जिथे चार्जिंगचाच संशय आहे तिथे.

खरी चाचणी गाडी गरम असताना, तक्रार हजर असतानाच करायची. कॉइलकडे स्विचवरून येणारी बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन फिरेल पण लागणार नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर. मी बॉडीला निगेटिव्ह धरून लिहितोय. ही गाडी मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातली, आणि त्या जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह अर्थ असायचा, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, तेव्हा तुमच्या बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते आधी डोळ्यांनी पाहून घ्या.

पहिलं माप: एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा सेल्फच्या उघड्या धातूच्या बॉडीवर, आणि जोडीदाराने सेल्फ मारायचा. ०.३ व्होल्टच्या आत आलं तर अर्थ चांगला. दुसरं: पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा जाड बोल्ट. इथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. तिसरं: फक्त सॉलिनॉइडच्या (चावी फिरवली की सेल्फला मोठा करंट जोडणारा स्विच) दोन जाड बोल्टांमध्ये, ०.२ ते ०.३च्या आत. प्रोब शिशाच्या खांबावरच टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नको. खांब आणि क्लॅम्प यांच्यामधली काळी बुरशीच कित्येकदा एक व्होल्ट खाऊन टाकते, आणि क्लॅम्पवर मोजलं तर ती दिसतच नाही.

हे मीटरच्या ओहमवर का मोजायचं नाही, तेही सांगतो. सेल्फ फिरताना दीड-दोनशे अँपिअर ओढतो. जोडात ओहमचा शंभरावा भाग एवढाच विरोध असला तरी दोनशे अँपिअरला तिथे दोन व्होल्ट जातात. तेवढा बारीक विरोध साधा मीटर शून्यच दाखवतो. म्हणून ‘वायर चेक केली, करंट आहे’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. टेस्ट लॅम्प पेटायला अर्धा अँपिअरही पुरतो.

गरम झाल्यावरच का? तापलं की तांब्याचा विरोध वाढतो. सेल्फच्या वाइंडिंगचा वाढतो, सॉलिनॉइडच्या कॉइलचा वाढतो, ढिला जोड अजून ढिला होतो. त्यातून डायनॅमोने वाटेत बॅटरी भरलेली नाही. थंड असताना जेमतेम भागत होतं ते आता भागत नाही.

माझा सर्वांत जास्त संशय इंजिन-अर्थवर आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी लागते. ती खाली असते, तिच्यावर ऑइल आणि चिखल बसतो, आतले धागे एकेक करून तुटतात आणि बाहेरून ती शाबूत दिसते. अनेकदा क्लचचं काम करताना ती काढली जाते आणि परत लागतच नाही. मग सेल्फचा करंट परतीला चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल पकडतो. एका गाडीत चोकच्या केबलला हात लावल्यावर चटका बसला होता, वरचं प्लास्टिक विरघळून डॅशखाली ओघळलं होतं, आणि त्या गाडीचा सेल्फ तोवर बदलून झाला होता. तुम्ही दोन-तीनदा सेल्फ मारून लगेच चोकच्या केबलला बोट लावून बघा. कोमट जरी लागली, तरी दोष सापडला. जंप केबलने निगेटिव्ह खांब थेट इंजिनाच्या ब्लॉकला जोडा आणि पुन्हा सेल्फ मारा. फरक लगेच ऐकू येईल.

दुरुस्ती स्वस्त आहे. नवी पट्टी, दोन्ही टोकांखालचा रंग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासलेला, आणि आवळल्यानंतर वरून व्हॅसलीन. बॅटरीची जाड वायर बदलायची वेळ आली तर ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्या आणि लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाबून बसवून घ्या, स्क्रूने आवळायचे क्लॅम्प नकोत. बॅटरीवर काम करताना अर्थची वायर आधी काढायची आणि सर्वांत शेवटी लावायची.

अर्थ ठीक निघाला आणि सॉलिनॉइडवरच व्होल्ट पडत असले तर सॉलिनॉइड बदला. लुकास कंपनीच्या बऱ्याच जुन्या सॉलिनॉइडला मागे रबरी टोपीखाली बटण असतं. गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढून ते दाबल्यावर सेल्फ जोरात फिरला, पण चावीने फिरत नसला, तर दोष चावीच्या बाजूच्या बारीक वायरीत आहे. सेल्फ नुसता घूं करून फिरत असेल आणि इंजिन फिरत नसेल तर ती वेगळी गोष्ट: बेंडिक्स, म्हणजे सेल्फची दातेरी चक्री इंजिनात गुंतवणारा भाग, अडकलाय. तो पेट्रोलने धुवून कोरडाच बसवा, ग्रीस लावलं की क्लचची धूळ चिकटून पुन्हा अडकतो.

आता लाल दिवा. तो डायनॅमो आणि बॅटरी यांच्या व्होल्टेजमधला फरक दाखवतो, चार्जिंग किती होतंय ते नाही. आयडलला तो जळणं डायनॅमोच्या गाडीत स्वाभाविक आहे. रेस दिल्यावर पूर्ण जळत राहिला तर डायनॅमो काम करत नाही. तुमच्यासारखा मंद जळत राहिला, तर डायनॅमो वीज बनवतोय, पण ती बॅटरीपर्यंत पोचताना मध्ये अडते: कटआऊटचे (डायनॅमो बॅटरीला आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) पॉइंट काळे पडलेत किंवा एखादा जोड सैल आहे. म्हणून डायनॅमो टाकून द्यायचा सल्ला मला पटत नाही.

खात्री करून घ्या. पट्टा मधोमध अंगठ्याने अर्धा इंच दबेल इतका ताणलेला हवा. मग डायनॅमोच्या डी (वीज बाहेर देणारी) आणि एफ (फील्ड कॉइलची) दोन्ही वायरी काढा, ती दोन टर्मिनलं एकमेकांना तारेने जोडा, तिथून बॉडीपर्यंत मीटर लावा आणि आयडलवरून हळूहळू रेस वाढवा. आकडा झरझर वीसकडे गेला की रेस सोडा, डायनॅमो उत्तम आहे. एखाद्या व्होल्टवर अडकला तर फील्ड कॉइल, चार-पाचवर अडकला तर आर्मेचर (आतला फिरणारा भाग), काहीच नाही आलं तर कार्बन (ब्रश). कार्बन आणि ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर पेट्रोलच्या फडक्याने पुसले की बरेच डायनॅमो पुन्हा जिवंत होतात. मागच्या बुशच्या भोकात इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब टाकायला विसरू नका, त्या बुशकडे कुणीच बघत नाही.

डायनॅमो चांगला निघाला की रेग्युलेटरच्या डब्यावर या; चार्जिंगचं व्होल्टेज तो आवरतो आणि कटआऊटही त्यातच असतो. बॅटरी सोडवून पॉइंटमधून बारीक पॉलिश पेपरची पट्टी फिरवा, मग स्पिरिटमध्ये भिजवलेलं कापड. डब्याचा अर्थ घट्ट आहे का पाहा, तो सुटला तर उलट ओव्हरचार्जिंग होऊन बल्ब उडतात. स्क्रूला मात्र हात लावू नका. लुकासच्या आरबी १०६ डब्यात कटआऊटच्या पॉइंटमध्ये कागद घालून मोजलं की सोळाच्या आसपास व्होल्ट येतात आणि ते बरोबर असतात. ‘चौदा हवेत’ म्हणून स्क्रू सोडणाऱ्यांनी कित्येक चांगले डबे बिघडवले आहेत.

रात्रभरात बॅटरी उतरत असेल तर सकाळी डायनॅमोच्या बॉडीला हात लावा. इंजिन थंडगार आणि डायनॅमो कोमट, म्हणजे कटआऊटचे पॉइंट चिकटलेत आणि बॅटरी रात्रभर त्यातून रिकामी होतेय.

इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग बघायची’ पद्धत कुणालाही करू देऊ नका.

ऑल्टरनेटरला माझा विरोध नाही. लुकासचा सी ४०/१ डायनॅमो फार तर २२ अँपिअर देतो. ६०/५५चे हॅलोजन, वायपर, टेप आणि इग्निशन मिळून रात्रीच्या पावसात तो पुरत नाही, तेही गर्दीत आयडलवर असताना तर मुळीच नाही. तुम्ही रोज रात्री चालवणार असाल तर बदला, पण चार्जिंगची मुख्य वायर जाड टाकून आणि निगेटिव्ह अर्थ पक्का करूनच. उलट अर्थवर डायोड त्याच क्षणी जळतात. आणि तेव्हाही इंजिन-अर्थची पट्टी आधी नीट करा, नाहीतर नवा ऑल्टरनेटर लावूनही गरम गाडी ‘टक्’च करेल.

सेल्फ मारतानाची तिन्ही मापं आणि सकाळचं बॅटरीचं व्होल्टेज इथे लिहा. चोकची केबल तापली का, तेही सांगा.