इराणमधील खेडे : ठावठिकाणा आणि शिरगणती

प्रश्न : इराणमधील एखाद्या लहान खेड्याविषयी वाचताना त्याचा ठावठिकाणा चार-चार नावांच्या साखळीने दिलेला आढळतो आणि लोकसंख्येपुढे 'इतक्या कुटुंबांत' असे शब्द येतात. एवढ्या तपशिलाची गरज काय?

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. इराणमध्ये ओस्तान म्हणजे प्रांत, त्याखाली शहरेस्तान म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, मग बख्श म्हणजे त्याचा पोटविभाग, मग देहेस्तान म्हणजे काही खेड्यांचा गट आणि सर्वांत शेवटी खेडे, अशी उतरंड आहे. हुसेनाबाद किंवा अलियाबाद या नावाची खेडी देशभर इतकी आहेत, की साखळीतील एखादे नाव गाळले तरी नेमके कोणते खेडे अभिप्रेत आहे, याचा उलगडा होत नाही. शिवाय ही साखळीही बदलत असते. 2004 मध्ये खोरासानचे तीन प्रांत झाले आणि 2010 मध्ये तेहरानमधून अल्बोर्झ प्रांत वेगळा झाला, तेव्हा तिथल्या खेड्यांचा पत्ता खेडी जागची न हलताच बदलला. जुन्या आणि नव्या पुस्तकांत एकाच खेड्याचा प्रांत वेगळा दिसतो, तो बहुधा यामुळेच.

कुटुंबांच्या संख्येचे महत्त्व मात्र अधिक आहे; माझ्या मते नुसत्या लोकसंख्येपेक्षा तीच जास्त बोलकी असते. इस्फहान प्रांतातील नतन्झ शहरेस्तानात, कर्कस पर्वताच्या पायथ्याशी असलेले अबियाने हे तांबड्या मातीच्या घरांचे प्रसिद्ध खेडे पाहा. 2006 च्या जनगणनेत तेथे 160 कुटुंबांत 305 माणसे नोंदली गेली, म्हणजे एका घरात सरासरी दोन माणसेही नव्हती. त्याच जनगणनेत पूर्व अझरबैजान प्रांताच्या ओस्कू शहरेस्तानातील, ज्वालामुखीजन्य खडकात कोरलेल्या घरांच्या कंदोवानमध्ये 168 कुटुंबांत 601 माणसे होती. घरे जवळपास तितकीच, पण माणसे दुपटीच्या आसपास. अबियानेतील तरुण पिढी शहरांकडे गेली आणि मागे मुख्यतः वृद्ध राहिले, ही गोष्ट 305 या एकट्या आकड्यावरून कधीच लक्षात आली नसती.

हे स्थलांतर एका खेड्यापुरते नाही. 1956 मध्ये इराणची पहिली देशव्यापी जनगणना झाली, तेव्हा जेमतेम एक तृतीयांश लोक शहरांत राहत होते. 2016 मध्ये सुमारे 8 कोटी लोकसंख्येपैकी जवळपास तीन चतुर्थांश लोक शहरी झाले होते. म्हणून खेड्याचा आकडा वाचताना तो कोणत्या वर्षाचा आहे, हे आधी पाहावे. इराणी कागदपत्रांत सौर हिजरी वर्ष असते, त्यामुळे 1385 दिसल्यास ते 2006 आणि 1395 दिसल्यास 2016 समजावे.

ऋतूचाही विचार करावा लागतो. 2006 ची गणना आबान महिन्यात, म्हणजे ऐन शरदात झाली. केवळ उन्हाळ्यात गजबजणाऱ्या डोंगरी खेड्यांत त्या वेळी बरीच घरे कुलूपबंद असणे स्वाभाविकच होते. काही वस्त्यांपुढे तर आकडाच नसतो. पण म्हणून ते गाव ओसाड आहे असे समजू नये, कारण अगदी मोजकीच कुटुंबे असलेल्या वस्तीची माहिती छापल्यास ती कोणाची आहे हे सहज ओळखता येते, म्हणून इराणचे सांख्यिकी केंद्र ती गोपनीय ठेवते.