ॲनिमेशनपटातल्या राजकन्येचा रंग बदलल्याने खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की परीकथांवरच्या ॲनिमेशनपटांत हल्ली वेगवेगळ्या वंशांच्या राजकन्या दाखवतात, तो नुसता दिखावा आहे की मुलांना त्याने खरंच काही फरक पडतो. आणि घरातल्या लहान मुलीला यातलं काय दाखवावं.

फरक पडतो. पण गोऱ्या किती आणि सावळ्या किती, हे मोजून तो कळत नाही. या राजकन्येला सिनेमाभर माणूस म्हणून वावरू दिलंय का आणि तिची गोष्ट नेमकी कोण सांगतंय, हे मी आधी बघते. रंगाचा प्रश्न त्यानंतरचा.

टियानाचंच घ्या. डिस्नेची पहिली राजकन्या स्नो व्हाइट, 1937 सालची. पहिली कृष्णवर्णीय राजकन्या टियाना 2009 साली आली, म्हणजे मध्ये 72 वर्षं गेली. 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' घडतो 1920 च्या दशकातल्या न्यू ऑर्लिन्समध्ये. टियाना दोन ठिकाणी वेट्रेसचं काम करते, पै-पै साठवते, तिला स्वतःचं रेस्टॉरंट काढायचंय. जागाही बघून ठेवलीय. मग एका मेजवानीत जागेचे दलाल, दोघे गोरे भाऊ, तिला सांगतात की दुसऱ्या कुणीतरी जास्त रक्कम देऊ केलीय; आणि जाता जाता ऐकवतात की तुझ्यासारख्या पार्श्वभूमीच्या बाईला एवढा व्याप झेपलाच नसता, आहेस तिथेच बरी आहेस. वर्णद्वेष हा शब्द कुणी उच्चारत नाही, पण त्या वाक्यात तो पुरेपूर आहे. टियानाचा चेहरा पडतो. आता ही मुलगी काय करणार, असं आपल्याला वाटतं.

आणि पुढच्या काही मिनिटांत ती बेडूक होते.

तिथून जवळजवळ शेवटपर्यंत ती बेडूकच राहते. दलदलीतला तो भाग देखणा आहे, गाणी छान आहेत, मला तो सिनेमा आवडतोही. पण ज्या मुलींनी पडद्यावर आपल्यासारखी राजकन्या दिसण्याची एवढी वर्षं वाट पाहिली, त्यांना बहुतेक वेळ हिरवा बेडूक बघावा लागला. शिवाय त्या एका वाक्याने उघडलेला विषय कथा पुन्हा नीट हातात घेतच नाही. जागा शेवटी मिळते ती दलालांना मगरीचा धाक दाखवून. 'तुझ्यासारख्या पार्श्वभूमीची' याचं उत्तर तसंच राहून जातं.

हे एकदाच घडलं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण 'द एम्परर्स न्यू ग्रूव्ह' (2000) मधला इंका सम्राट लामा होतो, 'ब्रदर बेअर' (2003) मधला आर्क्टिककडचा आदिवासी तरुण अस्वल होतो, 'सोल' (2020) मधला कृष्णवर्णीय पियानोवादक बराचसा वेळ निळसर आत्मा असतो, नाही तर मांजरीच्या शरीरात; त्याच्या स्वतःच्या शरीरात तेव्हा दुसराच आत्मा असतो. गोरी पात्रंही रूप बदलतात हे खरंय, 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधला राजपुत्र आहेच की. फरक असा, की गोऱ्या पात्रांपैकी एकाचं रूप बदललं तरी माणसासारखी दिसणारी डझनभर गोरी पात्रं उरतात. इथे मुळात एकच असतं, आणि तेच नाहीसं होतं.

टियानाच्या बाबतीत आणखी एक प्रकार झाला. 2018 च्या 'राल्फ ब्रेक्स द इंटरनेट'मध्ये सगळ्या राजकन्या एका खोलीत जमतात, असा प्रसंग आहे. त्याची पहिली दृश्यं बाहेर आली तेव्हा टियानाची त्वचा उजळ झाली होती आणि नाक बारीक. लोकांनी लगेच ओळखलं आणि आवाज उठवला. तिला आवाज देणाऱ्या ॲनिका नोनी रोझही बोलल्या, आणि स्टुडिओने प्रदर्शनाआधी ती दृश्यं दुरुस्त केली. मला यात कट दिसत नाही. मला दिसते ती सवय. हाताला आणि सॉफ्टवेअरला एकाच प्रकारच्या चेहऱ्याचं वळण लागलं की लक्ष नसताना रेघ तिकडेच जाते.

सॉफ्टवेअर म्हटलं ते उगाच नाही. संगणकावर त्वचा खरी वाटावी म्हणून, प्रकाश त्वचेत शिरून आत पसरतो आणि मग बाहेर येतो, याचं गणित मांडतात. येल विद्यापीठातले थिओडोर किम स्वतः या क्षेत्रातले. त्यांनी 2020 मध्ये लिहिलं की हे गणित 'मानवी त्वचे'चं म्हणून मिरवलं गेलं, पण त्यात पकडली जाते ती प्रामुख्याने गोऱ्या, तरुण त्वचेची झाक. गडद त्वचेत पृष्ठभागावरची चमक जास्त महत्त्वाची असते. केसांचंही तेच. संशोधन वर्षानुवर्षं सरळ किंवा हलक्या लाटा असलेल्या केसांवर झालं. घट्ट कुरळ्या, स्प्रिंगसारख्या आफ्रिकी केसांकडे फार उशिरा लक्ष गेलं. 'ब्रेव्ह' (2012) मधल्या गोऱ्या राजकन्येच्या, मेरिडाच्या, लाल कुरळ्या केसांसाठी पिक्सार स्टुडिओने मुद्दाम नवी प्रणाली तयार केली होती. म्हणजे अडचण सोडवता येत होती. ती कुणासाठी सोडवायची, हा प्रश्न होता. 2021 चा 'एन्कान्टो' या दृष्टीने जरूर बघा. कोलंबियातलं एकच कुटुंब, पण कुणाचे केस सरळ, कुणाचे लाटांचे, कुणाचे अगदी घट्ट कुरळे, आणि त्वचेच्या छटाही तितक्याच. एका घरात इतक्या छटा असू शकतात हे कुठलंही पात्र तोंडाने सांगत नाही.

आता दुसरी गोष्ट, सांगणारा कोण. 'अलादिन' (1992) च्या सुरुवातीच्या गाण्यात अशी ओळ होती की या देशात तुमचा चेहरा आवडला नाही तर कान कापतात. अरब-अमेरिकन संघटनेने विरोध केला आणि 1993 मध्ये व्हिडिओ आवृत्तीत ती बदलली. पण बाजारातला प्रसंग राहिला. राजकन्या जास्मिन एका भुकेल्या मुलाला सफरचंद देते आणि दुकानदार थेट तिचा हात तोडायला निघतो. जास्मिन आणि अलादिन बोलतात अमेरिकन धाटणीने. परके, जाड उच्चार आहेत ते दुकानदार, पहारेकरी अशांच्या वाट्याला. लहान मुलाला कुणी काही समजावत नाही, तरी चांगली माणसं कशी बोलतात हे तो बरोबर शिकतो. राजकन्या सावळी आहे, म्हणून हा सिनेमा अरबांच्या बाजूचा होत नाही.

'पोकाहॉन्टस' (1995) माझ्या मते यातला सगळ्यात खटकणारा. खरी पोकाहॉन्टस, अमेरिकेतली मूलनिवासी मुलगी, 1607 मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज व्हर्जिनियात उतरला तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. 1613 मध्ये इंग्रजांनी तिला पकडून ओलीस ठेवलं, तिचा बाप्तिस्मा करून रिबेका हे नाव दिलं, 1614 मध्ये जॉन रॉल्फ या इंग्रजाशी तिचं लग्न झालं आणि 1617 मध्ये इंग्लंडमध्ये ग्रेव्हसेंडला ती वारली. विशीही धड उलटली नव्हती. सिनेमात ती वयात आलेली तरुणी आहे आणि स्मिथच्या प्रेमात पडते. त्याहून वाईट म्हणजे ते गाणं, ज्यात दोन्ही बाजू एकमेकांना रानटी म्हणतात. तोफा-बंदुका घेऊन जमीन बळकावायला आलेले आणि ज्यांची जमीन जाणार आहे ते, दोघांचाही दोष सारखाच, असा त्याचा अर्थ होतो. पात्राला आवाज देणारी आयरीन बेडार्ड मूलनिवासी आहे, चित्रं देखणी आहेत, पण त्या मुलीचं आयुष्य तिच्याकडून काढून घेतलंय.

'मोआना' (2016) च्या वेळी पद्धत बदललेली दिसते. पॅसिफिक बेटांवरच्या जाणकारांचा एक गट सल्ल्याला होता, आणि मोआनाचा आवाज हवाईच्याच ऑलिई क्रॅव्हाल्हो या किशोरवयीन मुलीचा. तरी चूक झालीच. सिनेमातला अर्धदेव माउई, त्याच्या तपकिरी त्वचेचा आणि गोंदणाचा अंगभर पोशाख मुलांसाठी विक्रीला आला, म्हणजे दुसऱ्या वंशाची कातडी अंगावर चढवायची! विरोध झाल्यावर तो मागे घेतला. नंतर सिनेमा ताहितीयन आणि माओरी भाषांत डब झाला. 'फ्रोझन 2' (2019) च्या आधी तर उत्तर युरोपातल्या मूलनिवासी सामी लोकांच्या प्रतिनिधींशी रीतसर करार झाला आणि उत्तर सामी भाषेत आवृत्ती निघाली. ज्यांची संस्कृती वापरली, त्यांच्या मुलांनी तो स्वतःच्या भाषेत बघितला. एखाद्या पात्राचा रंग बदलण्यापेक्षा हे मला कितीतरी मोठं वाटतं.

नायिकेचा रंग बदलला की मूळ कथेशी बेइमानी होते, हा आक्षेप नेहमी येतो. मूळ म्हणजे कुठलं? सिंड्रेलासारखी कथा, हरवलेल्या पादत्राणासकट, चीनमध्ये नवव्या शतकात लिहून ठेवलेली आहे. नायिकेचं नाव ये शियान. अलादिनची गोष्ट हन्ना दियाब या सीरियन माणसाने पॅरिसमध्ये 'अरेबियन नाइट्स'चे फ्रेंच भाषांतरकार आंत्वान गालाँ यांना सांगितली, आणि तिच्यातला अलादिन चीनमध्ये राहतो. डॅनिश लेखक अँडरसनच्या कथेतली जलपरी शेवटी राजपुत्राला मुकते आणि तिचा समुद्रफेस होतो. 1989 च्या 'द लिटिल मरमेड' सिनेमात तिचं थाटात लग्न लागलं. एवढा मोठा बदल लोकांनी आनंदाने पचवला. म्हणून नायिकेच्या त्वचेपाशी येऊनच ज्यांची कथानिष्ठा जागी होते, त्यांचं म्हणणं मला पटत नाही. स्नो व्हाइटचं नावच रंगावरून पडलंय, तिथे वाद घालायला जागा आहे हे मान्य. पण जुन्या नायिकांना नवा रंग देण्यापेक्षा न सांगितलेल्या गोष्टी सांगाव्यात, असं माझं स्वतःचं मत आहे.

मुलांना काय कळतं, असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच. केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने 1940 च्या दशकात कृष्णवर्णीय मुलांसमोर रंग सोडून बाकी सगळं सारखं असलेल्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. शाळांमधलं वर्णविभाजन बेकायदा ठरवणाऱ्या अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 च्या निकालातही या कामाचा आधार घेतलेला आहे. त्या मुलांना हे कुणी बसवून शिकवलेलं नव्हतं.

तुमच्या मुलीला 'मोआना' आणि 'एन्कान्टो' आधी दाखवा. टियानाचा सिनेमा त्यानंतर, आणि दलालांचा तो प्रसंग आला की थांबवून तिला विचारा की ते असं का म्हणाले. 'अलादिन' दाखवायला हरकत नाही, फक्त उच्चारांची गंमत तिच्या लक्षात आणून द्या. 'पोकाहॉन्टस' मात्र ती खरी गोष्ट समजण्याइतकी मोठी होईपर्यंत मी थांबवेन.