पडद्यावरचे मासे आणि आजींचा तोल

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. दोन महिन्यांत दोनदा बाथरूममध्ये पडले. मुलाकडे टीव्हीला जोडून अंग हलवत खेळायचा व्हिडिओ गेम आहे. त्याने तोल सुधारतो म्हणतात. खेळू द्यावा का? (विश्रामबाग, सांगली)

द्या, पण आधी डॉक्टरांना दाखवा. दोनदा पडणे म्हणजे 'वय झालं' म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. उठून उभे राहताना रक्तदाब उतरतो का, झोपेची गोळी चालू आहे का, मोतीबिंदू वाढलाय का, हे बघून घ्या. घरीही एक चाचणी करता येते. खुर्चीतून उठायचे, नेहमीच्या चालीने ३ मीटर जायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर खेळाची सुरुवात फिजिओथेरपिस्टसमोरच करा.

तोल सांभाळतात डोळे, कानाचा आतला भाग आणि पायांतून येणारी जाणीव. वयानुसार तिन्ही मंदावतात. त्यात एकदा पडलेला माणूस धास्तीने हलणेच कमी करतो आणि पायांतली उरलीसुरली ताकदही जाते. खेळाचा खरा उपयोग ही धास्ती घालवायला होतो.

आमच्याकडे एक आजी यायच्या, वॉकर सोडायलाच तयार नसत. त्यांना निन्टेंडो या व्हिडिओ गेम कंपनीच्या बॅलन्स बोर्डवर उभे केले. पाटासारखी फळी, चार कोपऱ्यांत भार ओळखणारे सेन्सर. समोर पडद्यावर बर्फावरचा पेंग्विन. डाव्या पायावर भार दिला की तो डावीकडे घसरतो आणि मासा पकडतो. पहिल्या दिवशी पायाची बोटे फळीवर घट्ट रोवलेली, मान खाली. चौथ्या दिवशी, "अगं बाई, सुटला की मासा!" म्हणताना दोन्ही हात वॉकरवरून कधी उचलले गेले, त्यांनाच कळले नाही. मी तोंडाने कितीदा सांगून जे होत नव्हते, ते त्या माशाने करून घेतले.

मात्र नुसत्या खेळावर विसंबू नका. खेळाने तोलाच्या चाचण्यांत सुधारणा दिसते, पण पडणे कमी होण्याचा भक्कम पुरावा आहे तो तोल आणि ताकदीच्या साध्या व्यायामाचा. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१९च्या आढाव्यात व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्यामुळे दोन्ही चालू ठेवा.

प्रश्न : मी रोज पहाटे अजिंक्यतारा चढतो. मला वेगळा तोलाचा व्यायाम कशाला? (सातारा)

चढ सोडू नका, पाय आणि दम दोन्ही त्याने टिकलेत. पण चालताना आपण मुख्यतः पुढेच जातो. माणूस पडतो तो बरेचदा वळताना किंवा बाजूला पाय टाकताना. पासष्ट आणि त्यापुढच्या वयाच्यांनी आठवड्यातून निदान ३ दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

प्रश्न : आई नऊवारी नेसते, मधुमेह आहे, तळपाय बधिर वाटतात. तिने खेळले तर चालेल? (तासगाव)

चालेल, पण तळव्याची जाणीव कमी असेल तर काळजी दुप्पट घ्यावी लागते. काष्ट्याची साडी उलट सोयीची, पाय मोकळे राहतात. ओचा मात्र घोट्याच्या वर खोचून घ्या. कॅमेऱ्यावर चालणारा खेळ असेल तर त्याला गुडघे आणि पावले नीट दिसली पाहिजेत. मोज्यांवर उभे करू नका. चटई, वायर बाजूला काढा, मागे जड खुर्ची ठेवा आणि हाताच्या अंतरावर कोणीतरी उभे राहा. सुरुवातीला ५ मिनिटे पुरेत. खेळ संपला की दोन्ही तळवे उजेडात बघा, कारण फोड आला तरी आईला तो जाणवणार नाही. चक्कर आली किंवा छातीत दुखले तर लगेच थांबवा.

प्रश्न : एवढ्यासाठी यंत्र घ्यायचे का? (मिरज)

मुद्दाम घेऊ नका. बॅलन्स बोर्ड ज्याला जोडतात ते निन्टेंडो वी आणि कॅमेऱ्यावर चालणारे कायनेक्ट, दोन्हींचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. स्वयंपाकाचा ओटा धरून एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवून उभे राहा. १० सेकंद जमले की हाताची बोटे ओट्यावर नुसती टेकवा, नंतर तीही उचला. नातवंडे घरी असतील तर त्यांना मोठ्याने आकडे मोजायला लावा.