वायरमनची तोंडी परवानगी कायद्यात नाही

प्रश्न : आमच्या जागेवरून पूर्वीपासून ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) लाइन गेली आहे. पहिल्या मजल्याचा स्लॅब टाकल्यावर गॅलरी तारेच्या अगदी जवळ आली. वायरमन म्हणाला होता, ‘काम करा, लाइन बंद ठेवतो.’ आता वीज कंपनीचे काम थांबवण्याचे पत्र आले आहे. लाइन आमच्या संमतीशिवाय टाकलेली आहे. शिवाय २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे तारेच्या अपघाताची जबाबदारी कंपनीचीच असते. कंपनीने ती स्वखर्चाने हलवावी म्हणून दावा लावावा का? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : अशी पत्रे नेहमी येतात आणि बहुतेक सगळी स्लॅब पडल्यानंतरची असतात. दाव्याचे नंतर पाहू. काम आजच थांबवा. गॅलरीकडची परांची घाईने उतरवू नका, तीही शटडाउन (कंपनीकडून लाइन रीतसर बंद करून) घेऊनच उतरवायची. अंतर मोजायला धातूची टेप घेऊन कोणी वर चढू नये. ते काम कंपनीच्या अभियंत्याचे आहे.

तुमचे सगळे प्रकरण एका तरतुदीवर उभे आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ती ८२ व्या क्रमांकावर होती, २०१० च्या वीज सुरक्षा विनियमांत ६३ व्या, आणि आज लागू असलेल्या २०२३ च्या विनियमांतही ती कायम आहे. लाइन आधीची असेल, तर बांधकामापूर्वी मालक आणि ठेकेदार या दोघांनी वीज कंपनीला आणि विद्युत निरीक्षकाला (वीज सुरक्षा तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला) लेखी कळवायचे. सोबत प्रमाणबद्ध नकाशा द्यायचा आणि त्यात परांचीही दाखवायची. निरीक्षकाचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत काम सुरू करता येत नाही, सुरू असलेले पुढे नेता येत नाही. तुम्ही यातले काहीच केले नाही. वायरमनला असा अधिकारच नाही. त्याच्या तोंडी ‘बंद’ची सबस्टेशनात नोंद नसते, आणि फीडर (सबस्टेशनातून येणारी वाहिनी) कधी चालू होईल हे तुमच्या गवंड्याला कळत नाही.

११ केव्हीसाठी इमारतीपासून आडवे अंतर किमान १.२ मीटर आणि छतावरून उभे अंतर ३.७ मीटर लागते. आडवे अंतर वाऱ्याने तार जास्तीत जास्त झुकेल तिथून धरायचे, उभे अंतर तिच्या सर्वाधिक झोळापासून. गॅलरी आणि छज्जा इमारतीतच मोजतात. तारेवर पीव्हीसी पाइप चढवून हे अंतर कमी होत नाही. शिवाय सळई १२ मीटरची असते. ती गच्चीवर फिरवताना दुसरे टोक कुठे जाते हे पकडणाऱ्याला दिसत नाही. म्हणून सळ्या खालीच कापून, वाकवून वर न्या, आणि लाइनखाली सळ्या, पाइप, वाळू काहीही साठवू नका.

कळवण्याचा अर्ज उद्याच द्या, पोच घ्या. लाइन हलवण्याच्या खर्चाचे अंदाजपत्रक आले की रक्कम भरायला ३० दिवस मिळतात. आकडा मान्य नसेल तर वाद निरीक्षकापुढे न्या. लाइन आधीची असेल तर खर्च बहुधा तुमच्यावरच येईल.

संमतीचा मुद्दा अगदीच पोकळ नाही, पण लाइन कधी आणि कोणत्या आदेशाने टाकली ते कागद पाहिल्याशिवाय मत देणार नाही. मनाई हुकूम मागाल, तर तुम्ही आधी कळवले होते का, हा प्रश्न समोर येणारच. निकालाला वर्षे जातील, आणि तोवर तार तिथेच राहील.

तुम्ही २००२ च्या ज्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आधार घेता, तो रस्त्यावर तुटून पडलेल्या तारेचा होता. तुमच्या गॅलरीत मजूर दगावला, तर कंपनी काम थांबवण्याचे पत्र पुढे करेल आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाचा गुन्हा तुमच्यावर आणि ठेकेदारावर येऊ शकतो. त्या पत्राची एक प्रत ठेकेदारालाही द्या आणि मिळाल्याची सही घ्या.